शेजारच्या देशाचा टीव्ही आपल्या छपरावर

दोन शेजारी देशांत बेबनाव झाला की आधी रस्ते बंद होतात, मग आगगाड्या आणि मग टपाल. टीव्हीच्या लहरींना मात्र चौकीवर कुणी अडवू शकत नाही. टॉवरवरून निघालेली लहर सरहद्दीच्या तारांवरून सरळ पलीकडे जाते आणि ज्याच्या छपरावर अँटेना असेल त्याच्या घरात उतरते. त्या घरात कुठला पासपोर्ट आहे, हे ती विचारत नाही.

आपल्या उपखंडात याचा अनुभव पंजाबने घेतला. लाहोरचे टीव्ही केंद्र २६ नोव्हेंबर १९६४ रोजी सुरू झाले. अमृतसरला दूरदर्शन आले ते १९७३ मध्ये. लाहोर आणि अमृतसर यांच्यात अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. त्यामुळे अमृतसरच्या छपरांवरच्या अँटेना पश्चिमेकडे वळत आणि लाहोरच्या पूर्वेकडे. इकडे ‘वारिस’, ‘तनहाइयाँ’ आणि ‘धूप किनारे’ पाहिले जाई, तिकडे दूरदर्शनचा रविवारचा हिंदी सिनेमा. मुंबईच्या मोहल्ल्यांपर्यंत लाहोरची लहर पोहोचत नव्हती, म्हणून तिथे हीच नाटके व्हिडिओ कॅसेटवर आली. आमच्या पिढीतल्या अनेक घरांत हसीना मोइन यांचे संवाद अम्मी-खालांना तोंडपाठ असत. या हसीना मोइन मूळच्या आपल्या कानपूरच्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पण हे सगळे योगायोगाने चाललेले होते. टॉवर उंच होता, जमीन सपाट होती, म्हणून चित्र दिसत होते. कुणी ते द्यायचे ठरवले नव्हते आणि कुणी ते मागितलेही नव्हते. जे योगायोगाने मिळते ते योगायोगानेच जातेही. टीव्ही डिजिटल झाला तेव्हा जगात अनेक ठिकाणी हा प्रश्न उभा राहिला: पलीकडचे चॅनेल आता दिसणार की नाही? एका बेटावर मात्र दोन सरकारांनी समोरासमोर बसून त्याचे उत्तर लिहून काढले. ते बेट म्हणजे आयर्लंड. ज्यांची भाषा एकाहून अधिक देशांत बोलली जाते, अशा आपल्यासारख्या घरांनी ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

एक बेट, दोन देश

आयर्लंडची फाळणी १९२१ मध्ये झाली. उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले, उरलेल्या बेटावर स्वतंत्र देश झाला. मधली सरहद्द सुमारे पाचशे किलोमीटरची. ती शेतांतून, ओढ्यांवरून, गावांच्या वेशीवरून जाते. उत्तरेत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन जमाती. बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनसोबत राहायचे होते, बहुतेक कॅथलिकांना बेट एक झालेले हवे होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे तिथे जो रक्तपात झाला, त्यात सुमारे साडेतीन हजार माणसे गेली. मोहल्ल्यामोहल्ल्यांत भिंती उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही आजही उभ्या आहेत.

अशा ठिकाणी कुठल्या घरात कुठला चॅनेल लागतो, ही साधी गोष्ट राहत नाही. छपरावरची अँटेना कुणीकडे वळली आहे, यावरूनही लोक घराचा कल ओळखू पाहत.

उंच काठ्यांचा जमाना

टीव्ही प्रथम उत्तरेत आला. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी बेलफास्टमध्ये बीबीसीचा तात्पुरता ट्रान्समीटर बसला. दोन वर्षांनी शहरालगतच्या डिव्हिस डोंगरावर कायमचा टॉवर झाला. १९५९ मध्ये अल्स्टर टेलिव्हिजन ही खासगी वाहिनी सुरू झाली. दक्षिणेत तोवर स्वतःचा टीव्ही नव्हता. तरीही डब्लिनमध्ये आणि पूर्व किनाऱ्यावर लोकांनी टीव्ही विकत घेतले, छपरांवर लांबच लांब काठ्या उभारल्या, आणि समुद्रापलीकडच्या वेल्समधून किंवा उत्तरेकडून येणारे बीबीसीचे चित्र पकडले. चित्र कधी स्वच्छ असे, कधी नुसत्या मुंग्या. आपल्याकडे एक जण छपरावर चढून काठी फिरवी आणि खालून घरचे ओरडत, ‘थोडं डावीकडे! आता गेलं!’, तोच प्रकार तिथेही होता.

दक्षिणेचे स्वतःचे प्रसारण ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरू झाले. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष इमन डी व्हॅलेरा होते. आनंदाच्या त्या प्रसंगीही त्यांनी मनातली भीती लपवली नाही. हे साधन अणुशक्तीसारखे आहे, त्यातून अपार भलेही होईल आणि भरून न येणारे नुकसानही होईल, अशा अर्थाचे ते बोलले. आज हातात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलांकडे पाहताना कोणत्याही आई-बापाला ही भीती परकी वाटणार नाही.

पुढे १९७०च्या दशकात दक्षिणेत एक मोठा वाद झाला. पूर्व किनाऱ्याच्या लोकांना ब्रिटिश चॅनेल आपोआप मिळत होते, पश्चिमेच्या शेतकऱ्याला एकच देशी चॅनेल. मग दुसरा चॅनेल काढायचा तर कोणता? तेव्हाचे मंत्री कॉनर क्रूझ ओब्रायन यांचे म्हणणे होते की सरळ बीबीसीच देशभर दाखवावा. लोकांचा कौल पाहिला तेव्हा बहुसंख्यांनी स्वतःचा दुसरा चॅनेल मागितला, आणि तो १९७८ मध्ये सुरू झाला. शेजाऱ्याचा टीव्ही आवडीने पाहणारे लोकही स्वतःचा टीव्ही सोडायला तयार नव्हते, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेजाऱ्याची भाजी चवीने खाल्ली म्हणून आपली चूल कुणी विझवत नाही.

आवाजावरची बंदी

रक्तपाताच्या काळात दोन्ही सरकारांनी टीव्हीवर बंधने घातली. दक्षिणेत प्रसारण कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९४ पर्यंत आयआरए आणि शिन फेन पक्षाच्या प्रवक्त्यांना आकाशवाणी-टीव्हीवर बोलता येत नव्हते. ब्रिटनने अशी बंदी ऑक्टोबर १९८८ मध्ये घातली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये उठवली. ब्रिटनची बंदी विचित्र होती. माणूस पडद्यावर दिसे, पण त्याचा आवाज ऐकवता येत नसे. मग वाहिन्या नटांकडून ते शब्द बोलवून घेत. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा.

यातही सरहद्दीवरच्या लहरींनी गंमत केली. ब्रिटनची बंदी येण्याआधी जो नेता दक्षिणेच्या चॅनेलवर दिसू शकत नव्हता, तोच शेजारच्या चॅनेलवर बोलताना दक्षिणेतल्या घरात दिसे. बंदी बरोबर की चूक यात आम्ही पडत नाही. एवढे मात्र खरे की ज्या घरात दोन देशांच्या बातम्या येतात, त्या घराला एकाच घटनेच्या दोन बाजू कळतात. मुले आपोआप विचारू लागतात की हे असे सांगतात आणि ते तसे, मग खरे काय? शिक्षक म्हणून आम्हाला या प्रश्नाची किंमत फार वाटते.

मुंग्या गेल्या, पडदा काळा झाला

आता डिजिटलचा भाग समजून घेऊ. जुन्या ॲनालॉग टीव्हीत लहर अशक्त झाली की चित्रही हळूहळू अशक्त होई. आधी मुंग्या, मग सावल्या, मग नुसती खरखर. पण आवाज कसाबसा येई आणि नाटक समजे. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात. आकडे पुरेसे पोहोचले तर चित्र काचेसारखे स्वच्छ. नाही पोहोचले तर चौकोन चौकोन होऊन पडदा काळा. मधली अवस्था जवळपास नाहीच. म्हणजे सरहद्दीपासून दूर, मुंग्यांतून का होईना शेजारचा चॅनेल पाहणाऱ्या घराला डिजिटलमध्ये काहीच न मिळण्याची भीती होती.

डिजिटलचा मोठा फायदाही आहे. पूर्वी एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल जाई. आता त्याच जागेत अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवता येतात. या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. एस.टी.त एका माणसाची जागा अडवणारे गाठोडे नीट बांधले की तिथेच चार जण बसतात, तसे हे. त्यामुळे थोड्या फ्रिक्वेन्सीत पुष्कळ काम होते आणि उरलेल्या मोबाइल सेवेला देता येतात.

पण गाठोडे बांधण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. ब्रिटनच्या मोफत सेवेचे नाव फ्रीव्ह्यू. ती आधी सुरू झाली म्हणून तिचे साधे चॅनेल जुन्या पद्धतीने, एमपेग-२ मध्ये बांधलेले. आयर्लंडची मोफत सेवा मे २०११ मध्ये रीतसर सुरू झाली. तिचे नाव सोरव्ह्यू. आयरिश भाषेत ‘सोर’ म्हणजे मुक्त. ही उशिरा आली म्हणून नवी पद्धत, एमपेग-४, घेऊन आली. परिणाम असा की बेलफास्टमधल्या घराच्या छपरावर दक्षिणेची लहर नीट पोहोचली तरी जुना फ्रीव्ह्यू बॉक्स ती उलगडू शकत नसे. भाषा कानावर पडते, पण लिपी वाचता येत नाही, तसे.

शिवाय अँटेनाचीही अट होती. ती त्या टॉवरकडेच रोखावी लागते. काही टॉवरच्या लहरी आडव्या जातात, काहींच्या उभ्या, त्याप्रमाणे अँटेनाही आडवी किंवा उभी बसवावी लागते. दक्षिणेच्या क्लेरमाँट कार्न डोंगरावरचा टॉवर उत्तरेच्या सरहद्दीलगत आहे. १९८१ पासून त्याची लहर पलीकडे जात आली आहे. डेरी शहराला दक्षिणेकडच्या हॉलीवेल हिलचा टॉवर जवळ. पण मधे डोंगर आला की त्याच्या सावलीत राहणाऱ्यांना काहीच नाही. एका गल्लीत दिसते, पुढच्या गल्लीत नाही.

करारातले एक वाक्य

१० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये शांतता करार झाला. तो गुड फ्रायडेचा दिवस होता, म्हणून कराराला तेच नाव पडले. कैद्यांची सुटका, हत्यारे, पोलीस, विधानसभा असे एकेक अवघड विषय त्यात आहेत. आणि त्याच करारात टीव्हीबद्दलही एक कलम आहे. दक्षिणेचा आयरिश भाषेतला चॅनेल उत्तर आयर्लंडमध्ये अधिक लोकांना कसा पाहता येईल, याचा ब्रिटिश सरकारने आयरिश प्रसारण अधिकाऱ्यांच्या साहाय्याने तातडीने विचार करावा, असा त्याचा आशय. हा चॅनेल ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाला होता आणि १९९९ पासून त्याचे नाव टीजी-४ आहे.

आम्ही हे कलम वाचले तेव्हा थांबलो. माणसे मारली जात होती, ते थांबवायला बसलेल्यांनी एका चॅनेलसाठी जागा का ठेवली असेल? कारण त्यांना ठाऊक होते की शांतता म्हणजे नुसते बंदुका गप्प होणे नव्हे. ज्या जमातीला वाटते की आपली भाषा या देशात पाहुणी आहे, तिला ती घरात सन्मानाने यावी असे वाटते. आणि ती यायची तर महिन्याचे पैसे भरणाऱ्या श्रीमंताच्याच घरी नव्हे, सर्वांच्या घरी.

कलम लिहून काम झाले नाही. मार्च २००५ मध्ये डिव्हिसच्या टॉवरवरून टीजी-४ कमी शक्तीने सुरू झाला, म्हणजे करारानंतर तब्बल सात वर्षांनी. मग डिजिटलचा बदल तोंडावर आला. १ फेब्रुवारी २०१० रोजी दोन्ही सरकारांच्या मंत्र्यांनी लंडनमध्ये एका समझोत्यावर सह्या केल्या. जुना टीव्ही बंद झाल्यावर दक्षिणेच्या आरटीई संस्थेचे दोन चॅनेल आणि टीजी-४ उत्तरेत मोफत मिळत राहतील, अशी व्यवस्था ठरली.

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी दोन्ही देशांत एकाच दिवशी ॲनालॉग टीव्ही बंद झाला. त्याच सुमारास उत्तरेत एक छोटा खास मल्टिप्लेक्स सुरू झाला, त्यात हे तीन चॅनेल. तो चालवणारी संस्था आरटीई आणि टीजी-४ यांची, नफ्याशिवाय काम करणारी. बेलफास्टजवळच्या आणि पश्चिमेच्या डोंगरांवरून तो प्रसारित होऊ लागला. त्याची पद्धत आणखी नवी असल्यामुळे एचडी चालणारा फ्रीव्ह्यू सेट लागतो. सरहद्दीवरून आपोआप येणारी सोरव्ह्यूची लहर आणि उत्तरेतला हा मल्टिप्लेक्स, दोन्ही मिळून बहुतेक लोकांची सोय झाली. योगायोगाच्या जागी हक्क आला.

भाषा घरात येते तेव्हा

एका चॅनेलने काय होते, असे कुणी विचारेल. बेलफास्टमध्ये १९७१ साली काही आई-बापांनी आयरिश माध्यमाची शाळा सुरू केली. त्या भाषेत संसार करायचा म्हणून या कुटुंबांनी आधी शेजारी शेजारी घरे बांधली, मग मोजक्या मुलांसाठी शाळा काढली. सरकारी मान्यता आणि मदत मिळायला १९८४ उजाडले. तेरा वर्षे आई-बापांनीच पैसे गोळा करून ती चालवली. महाराष्ट्रात उर्दू शाळा ज्यांनी लोकवर्गणीतून उभ्या केल्या, त्यांना यातला प्रत्येक दिवस समजेल.

पण शाळेतून घरी आलेले मूल टीव्ही लावते, आणि तिथे तिची भाषा नसेल तर सकाळचा धडा संध्याकाळी पुसला जातो. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, रोज पाहतो. मूल ज्या भाषेत हसते तीच भाषा त्याच्या जिभेवर राहते. टीजी-४ ने हे ओळखले. मुलांचे कार्यक्रम, अगदी ‘स्पंजबॉब’सारखी कार्टूनही, आयरिशमध्ये बोलू लागली. त्याबरोबर बातम्या, हवामान, गाणी आणि गेलिक खेळांचे सामने. हे खेळ सरहद्द मानत नाहीत. स्पर्धा सगळ्या बेटाची मिळून होते आणि अल्स्टर प्रांताच्या संघांत उत्तरेचे सहा आणि दक्षिणेचे तीन जिल्हे येतात. अंतिम सामना मोफत दिसणे म्हणजे उत्तरेतल्या एखाद्या म्हाताऱ्यासाठी काय असेल, हे क्रिकेटवेड्या घरांना सांगायला नको.

२०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश भाषेला अधिकृत मान्यता मिळाली. कायदा चॅनेलमुळे झाला, असे कुणी म्हणणार नाही. त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरली. पण जी भाषा रोज संध्याकाळी शेजारणीलाही ऐकू येते, तिला परकी म्हणणे दिवसेंदिवस जड जाते.

दक्षिणेकडची छत्री

लहर एकाच दिशेने वाहत नाही. दक्षिणेतल्या घरांना ब्रिटनचे चॅनेल कसे मिळतात? सरहद्दीजवळ अजूनही अँटेनाने, इतरत्र छत्रीने. बीबीसीने २००३ मध्ये उपग्रहावरचे आपले चॅनेल कुलुपाशिवाय, म्हणजे कार्डाविना सोडले. २००८ मध्ये बीबीसी आणि आयटीव्ही यांनी फ्रीसॅट ही मोफत उपग्रह सेवा काढली. उपग्रहाचा झोत ब्रिटनवर रोखलेला, पण आयर्लंड बेट इतके जवळ की तेही त्यात भिजते. त्यामुळे दक्षिणेतल्या अनेक घरांत एक जोडबॉक्स दिसतो. त्याच्या एका तोंडाला छतावरची अँटेना, देशी सोरव्ह्यूसाठी, आणि दुसऱ्याला छत्री, ब्रिटिश चॅनेलसाठी. एकदा खर्च केला की महिन्याचे बिल नाही.

उलट आरटीई आपले चॅनेल त्या मोठ्या उपग्रहावर कुलुपाशिवाय सोडू शकत नाही, कारण सिनेमा आणि खेळांचे हक्क तिने फक्त आयर्लंडपुरते घेतलेले असतात. जिथे अँटेनाची लहर पोहोचत नाही अशा घरांसाठी तिने सोरसॅट नावाची वेगळी उपग्रह सेवा ठेवली, तिचा झोत मुद्दाम अरुंद. चॅनेल ‘मोफत’ असला तरी तो कुणासाठी मोफत, हे असे हक्कांच्या कागदावर ठरते.

या छत्रीतून दक्षिणेत आलेली एक गोष्ट आपल्या वाचकांना खास वाटेल. जुलै २०१३ मध्ये, रमज़ानच्या महिन्यात, ब्रिटनच्या चॅनेल फोरने रोज पहाटे फ़ज्रची अज़ान प्रसारित केली. ब्रिटनमध्ये त्यावर टीकाही झाली आणि कौतुकही. चॅनेल फोर आयर्लंडमध्येही मोफत छत्रीवर दिसतो. ज्या देशाच्या स्वतःच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा वाजता चर्चची घंटा, एंजेलस, वाजते, त्याच देशात शेजारच्या चॅनेलवरून सहरीच्या वेळी अज़ानही येत होती. दोन्हीपैकी कुणी कुणाला मिटवले नाही.

मोफत आणि चोरी

इथे एक प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात येईल, तो टाळू नये. शेजाऱ्याचे चॅनेल पैसे न देता पाहणे, हे बरोबर आहे का?

जो चॅनेल पाठवणाऱ्यानेच कुलुपाशिवाय हवेत सोडला आहे, तो साध्या बॉक्सवर घरात पाहणे ही चोरी नव्हे. रस्त्यावरचा दिवा माझ्या ओट्यावर उजेड पाडतो, त्यात मी कुणाचे काही घेत नाही. पण कुलूप असलेला चॅनेल बनावट कार्डाने किंवा चोरट्या बॉक्सने उघडणे वेगळे. आयर्लंडमध्ये असे बॉक्स चोरून विकणाऱ्यांवर कारवाया झाल्या आहेत, आणि आपल्याकडेही ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून अशा वस्तू दारात येतात. त्यात कलाकाराची आणि कामगाराची मजुरी बुडते. कामगाराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, हे ज्यांना लहानपणी शिकवले, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे!

पैशाचा हिशेब तिथेही अगदी सरळ नाही. आयर्लंडमध्ये टीव्ही ठेवणाऱ्या घराला वर्षाला १६० युरोचे लायसन्स काढावे लागते, मग तो कोणताही चॅनेल पाहो. ते पैसे बीबीसीला जात नाहीत. बीबीसी ब्रिटनच्या लायसन्सवर चालते. म्हणजे डब्लिनचा माणूस बीबीसी पाहतो बेलफास्टच्या माणसाच्या पैशावर, आणि बेलफास्टचा माणूस आरटीई पाहतो डब्लिनच्या पैशावर. आपल्याकडेही एके काळी रेडिओ-टीव्हीचे लायसन्स पोस्टात भरावे लागे, जुन्या वाचकांना ते आठवत असेल. या दोन शेजाऱ्यांनी मात्र पै-पैचा हिशेब मांडला नाही. वाटीभर साखर गेली, वाटीभर दही आले, म्हणून सोडून दिले.

आपल्या उपखंडात

आता आपल्याकडे पाहू. आपल्या उपखंडात उर्दू, पंजाबी आणि बंगाली या तिन्ही भाषा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना बोलल्या जातात. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईवेळी पीटीव्ही आपल्या केबलवरून बंद झाला. जून २०१४ मध्ये ‘ज़िंदगी’ नावाचा एक भारतीय चॅनेल पाकिस्तानी नाटके दाखवू लागला. ‘ज़िंदगी गुलज़ार है’ने कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाची वेळ बदलली. सप्टेंबर २०१६ मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर, ती नाटके थांबली. पुढच्याच महिन्यात पाकिस्ताननेही भारतीय कार्यक्रमांवर पूर्ण बंदी घातली. दोष कुणाचा हा या लेखाचा विषय नाही. देशाची सुरक्षितता आधी, यातही शंका नाही. पण एवढे दिसते की व्यापारावर किंवा योगायोगावर उभे असलेले दार पहिल्या वादळात मिटते. आयर्लंडमध्ये दार कराराच्या चौकटीत बसवले होते, म्हणून तिथे ते टिकले.

पूर्वेकडे मात्र एक चांगला दाखला आहे. त्रिपुरा आणि पश्चिम बंगालमधले लोक पूर्वी अँटेना वळवून बांगलादेशचा टीव्ही पाहत. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या सरकारी प्रसारण संस्थांच्या समझोत्याने बांगलादेश टीव्ही आपल्या डीडी फ्री डिशवर आला, म्हणजे पूर्वी जे योगायोगाने दिसे ते कराराने दिसू लागले. अर्थात करारालाही जोपासावे लागते, लावलेल्या झाडासारखे.

डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती आहे असा अंदाज आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, नंतर महिन्याचे बिल नाही. जुने जमिनीवरचे ॲनालॉग टॉवर दूरदर्शनने मार्च २०२२ पर्यंत, मोजकी महत्त्वाची ठिकाणे सोडून, बंद केले. तेव्हा गरीब घरासाठी मोफत टीव्ही म्हणजे आता हीच छत्री. तिच्यावर आपली मराठी सह्याद्री आहे आणि १५ ऑगस्ट २००६ पासून चालणारा डीडी उर्दूही आहे.

घरोघरी करण्यासारखे

हे वाचून कुणी छपरावर चढून अँटेना लाहोरकडे वळवावी, असे आम्ही सुचवत नाही. आपल्या कायद्यात परदेशी चॅनेल केबलवर किंवा डीटीएचवर द्यायला परवानगी लागते, आणि कायदा पाळणे आपले काम आहे. आम्हाला सांगायचे ते वेगळेच.

आयरिश बोलणाऱ्या आई-बापांनी चॅनेल मागितला तो आपल्या मुलांसाठी. पण मागण्याआधी त्यांनी घरात ती भाषा बोलायला सुरुवात केली होती, शाळा काढली होती. चॅनेल नंतर आला. आपल्या घरात उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत आणि दोन्ही मोफत आपल्या दारात येतात. तरी किती घरांत डीडी उर्दूचे बटण कधी दाबले जाते? किती मुलांना सह्याद्रीची बातमी ऐकवली जाते? आठवड्यातून एकदा, मग़रिबनंतर, अर्धा तास सगळ्यांनी मिळून एक बातमीपत्र उर्दूत आणि एक मराठीत ऐकावे. मग मुलांना विचारावे की दोन्हींत काय सारखे होते, काय वेगळे. आमच्या वर्गात आम्ही हे करून पाहिले आहे. ज्या मुलांना वाचायचा कंटाळा, तीही यावर तावातावाने बोलतात.

आणि दुसरे, अधिक अवघड. शेजारच्या चाळीत, शेजारच्या गल्लीत दुसऱ्या भाषेचे, दुसऱ्या धर्माचे घर असेल. त्यांचा कार्यक्रम आपल्या घरात लागला तर लगेच बटण दाबू नये, थोडा वेळ पाहावा. बेलफास्टच्या मोहल्ल्यांतल्या काही भिंती अजून उभ्या आहेत, पण त्यांच्यावरून दोन्ही बाजूंच्या घरांत एकच सामना आणि एकच हवामानाचा अंदाज पोहोचतो. शेजारी उद्या पावसात भिजणार आहे हे ज्याला ठाऊक असते, तो त्याचा वाळत घातलेला कपडा आत घेतो. आपल्याकडून इतके झाले तरी पुरेसे आहे.